बालकाचे पहिले धन

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर उभे असता, साठी उलटलेली एक आजी नातवाला घेऊन आमच्यापुढे आली. तिचा मुलगा नि सून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती. ती आता पास्काच्या सणाच्या सुमारासच परतणार. मागे राहिला तो साडेचार वर्षांचा हा पोर. एका मुठीत त्याने आजीचा पदर धरला होता नि दुसऱ्या हातात तिची काठी सांभाळली होती.

आजी म्हणाली, "फादर, ह्याला सिस्टरांच्या बोर्डिंगात घालायचं बघा. तिथं दोन वेळा पोटभर मिळंल, चार अक्षरं शिकंल. मी अडाणी बाई. डोळ्यांनी धड दिसत न्हाई. माझ्याकडं ह्याला द्यायला काय हाय?"

आम्ही म्हणालो, "आजी, आठ दिवस थांबा. विचार करून सांगतो."

वाचकहो, दहा वर्षांपूर्वी आम्ही विचार करायला आठ मिनिटेही घेतली नसती. पायरीवरच चिठ्ठी लिहून दिली असती. तशा चिठ्ठ्या आम्ही लिहिल्याही आहेत, आणि त्या लिहिताना आपण गरिबाच्या लेकराचे कल्याण करीत आहो याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. त्यांतील एक मुलगा आम्हांस विशेष आठवतो. तोही पाच वर्षांच्या आतलाच होता. पहिले काही दिवस तो दाराशी बसून रडे. मग त्याचे रडणे थांबले. आम्हांस वाटले, मुलगा रुळला. पुढे तो मोठा झाला. परंतु कोणाशी मोकळेपणाने बोलला नाही, कोणावर विसंबला नाही, नि एके दिवशी कोणास न सांगता निघून गेला. त्याचे रडणे थांबले ते तो रुळला म्हणून, की हाक मारली तरी कोणी येत नाही हे त्यास कळून चुकले म्हणून, हा प्रश्न आम्ही त्या वेळी स्वतःला विचारला नाही. आजीने तो आम्हांस विचारावयास लावला. म्हणूनच आज या विषयावर चार शब्द लिहीत आहो.

गरिबाच्या मुलाला काय हवे, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगू: अन्न, वस्त्र, औषध, शाळा. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. आणि ते किती अपुरे आहे हे दाखविणारी हकीगत उसाच्याच एका मुलखातून आलेली आहे.

आपल्यांपैकी पुष्कळांना संत डेमियन ठाऊक असतील. बेल्जियम सोडून ते दूरच्या हवाई बेटांत गेले, तेथील मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत सोळा वर्षे राहिले, आणि अखेर त्याच रोगाने १८८९ साली त्यांनी देह ठेवला. त्याच द्वीपसमूहात कवाई नावाचे एक बेट आहे. आज तेथे साखरेचा धंदा उरलेला नाही. शेवटचा मळा २००९ साली बंद पडला. पण १९५५ साली ते बेट ऊस नि अननस यांच्यावरच जगत होते. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज वंशाची नि मूळची हवाई अशी कष्टकरी कुटुंबे तेथे मळ्यांवर राबत असत. फडात कोयता चालविणाऱ्यांची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस त्या बेटावरील मुलांचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही.

त्या एका वर्षी कवाई बेटावर जन्मलेल्या ६९८ बालकांची नोंद करण्यात आली. पुढे एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषी, त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ आणि त्यांच्याबरोबरचे डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांनी या मुलांचा माग सोडला नाही. मूल एक वर्षाचे, दोन वर्षांचे, दहा वर्षांचे, अठरा वर्षांचे झाले असता, आणि नंतर बत्तिसाव्या नि चाळिसाव्या वर्षी, त्यांची पुन्हा पुन्हा विचारपूस करण्यात आली. एका अख्ख्या पिढीची पाळण्यापासून चाळिशीपर्यंत अशी कहाणी लिहिली गेल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत.

या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मतःच अवघड जिणे आले होते. घरात दारिद्र्य, जन्माच्या वेळी झालेला त्रास, आईबापांत नित्याचे तंटे, बापाचे दारूचे व्यसन किंवा आईचे मनाचे आजारपण, आईचे तुटपुंजे शिक्षण: अशा चार किंवा अधिक अडचणी ज्यांच्या पाठीशी दोन वर्षांच्या वयातच लागल्या होत्या, अशा मुलांची त्यांनी वेगळी गणती केली. त्यांतील दर तिघांपैकी दोघांच्या बाबतीत भीती खरी ठरली. कोणी दहाव्या वर्षापर्यंत शाळेत मागे पडले, कोणी अठरा वर्षांच्या आत पोलिसांच्या दफ्तरी चढले, कोणाचे मन आजारी झाले. दारिद्र्य माणसाला तावून सुलाखून काढते, असे जे खाऊनपिऊन सुखी असलेले लोक म्हणतात, त्यांनी हा आकडा ध्यानी धरावा. दारिद्र्य बहुधा माणसाला मोडते.

परंतु उरलेला तिसरा? ही मुले एकंदर ७२ होती. तेच दारिद्र्य, तेच तंटे, तोच दारुडा बाप; आणि तरीही ही मुले शहाणी, उद्योगी नि मायाळू माणसे झाली. चाळिसाव्या वर्षी त्यांच्यांत एकही बेकार नव्हते, एकही गुन्ह्यात सापडलेले नव्हते, एकालाही सरकारी मदतीवर दिवस काढावे लागत नव्हते.

या मुलांपाशी असे काय होते, जे इतरांपाशी नव्हते? काहींचा स्वभाव तान्हेपणापासूनच हसरा नि लाघवी होता, हे खरे. अशा बाळाला कोणीही उचलून घेते. काही वाचनात बरी होती. परंतु एक गोष्ट त्यांच्या कहाण्यांत वारंवार आढळली. अगदी लहानपणी त्यांच्या जवळ निदान एक तरी माणूस असे होते, की ज्याने त्यांस आपले मानले आणि जे त्यांस सोडून गेले नाही. ते माणूस दर वेळी आईच होते असे नाही. पुष्कळदा ती आजी होती, आजोबा होते, मावशी-आत्या होती, मोठी बहीण किंवा भाऊ होता. आईबाप आपल्या दुःखात बुडालेले असता या माणसाने मुलाला जवळ घेतले, त्याचे रडणे ऐकले, त्याच्याशी बोलले. पुढे मूल मोठे झाले तेव्हा त्याने घराबाहेरही अशी माणसे शोधून काढली: एखादा आवडता शिक्षक, मित्राची आई, शेजारचे वडीलधारे, उपासनामंदिरातील कोणी. ज्याला एकदा विश्वास ठेवता आला, त्याला तो पुन्हा ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट तेथे दिसली, ती आमच्या गावकरी कुटुंबांना आवडेल. या मुलांपैकी पुष्कळांवर घरातली कामे होती. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी आजाऱ्याची उठबस करी. ती कामे शिक्षा म्हणून नव्हती. घराला त्यांची खरोखर गरज होती. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते स्वतःला टाकाऊ समजत नाही.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की प्रेमाचे माणूस लाभले म्हणून ही मुले सुधारली, की मुळातच ती गुणी होती म्हणून माणसे त्यांच्याकडे ओढली गेली? शंका रास्त आहे. कवाईची कहाणी एकटी तिचे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर आपणांस युरोपातील रुमानिया देशात मिळते, आणि ते दुःखाचे आहे.

रुमानियातील राज्यकर्त्यांनी लोकसंख्या वाढविण्याच्या हेतूने १९६६ साली गर्भपातास बंदी करणारा हुकूम काढला. परंतु जन्मलेली मुले कुटुंबांनी पोसावी कशी, याची तजवीज केली नाही. दारिद्र्यामुळे आईबापांनी मुले सरकारी अनाथालयांत ठेवली. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे जगाला दिसले. तेथे खाणे होते, अंथरूण होते, छप्पर होते. परंतु थोड्याशा दाया नि पुष्कळ पाळणे. कोणत्याही एका बाळाचे असे कोणी नाही. तेथे गेलेल्या लोकांना सर्वांत अधिक जाणवली ती शांतता. तान्ह्या बाळांची दालने, आणि रडणे नाही.

२००० साली राजधानी बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स नि चार्ल्स झीना या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा १३६ बालकांच्या बाबतीत अभ्यास आरंभिला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने निम्म्या मुलांना प्रेमळ पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. निम्मी मुले नेहमीच्या व्यवस्थेतच राहिली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे गुणी मूल कोणते नि मंद कोणते हा प्रश्नच उरला नाही. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे नि माणसांशी जुळवून घेणे ही संस्थेतील मुलांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. आणि जी मुले दोन वर्षांची होण्याच्या आत कुटुंबात गेली, त्यांस सर्वांत अधिक लाभ झाला. पुढे त्या देशाने, २००५ सालापासून, दोन वर्षांखालील बालकांना अशा संस्थांत ठेवण्यास कायद्याने मनाई केली.

याचे कारण समजण्यास फार मोठी विद्या नको. बाळ रडते, कोणी तरी येते. बाळ हुंकार देते; कोणी तरी हसून उत्तर देते. दिवसातून शंभर वेळा हे घडते, आणि त्यातून बाळ शिकते की हाक मारावी, उत्तर येते. भ्यावे, पण कोणी तरी उचलून घेते. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदू अतिशय वेगाने वाढत असतो, आणि या देवघेवीवरच त्याची घडण होते. जेथे हाकेला उत्तर मिळत नाही तेथे शरीर सदोदित भयाच्या पवित्र्यात राहते. असे मूल पुढे वर्गात बसते तेव्हा त्याचे चित्त धड्याकडे नसते. ते दाराकडे असते. आपण त्यास मठ्ठ म्हणतो, उनाड म्हणतो, नि छडी उगारतो.

आता गरीब घरांतील आईबापांच्या मनात येईल, की हे सारे करावयास वेळ नि पैसा असलेली माणसे हवीत. तसे नाही, हे जमैका देशात दिसून आले. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली, उपासमारीमुळे वाढ खुंटलेल्या १२९ तान्ह्या मुलांना हाती घेण्यात आले. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, एक तास, अशा दोन वर्षे गेल्या. त्यांनी काय केले? घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला दाखविले, की बाळाशी खेळावे कसे, बोलावे कसे, त्याने काही केले तर त्याची वाहवा कशी करावी. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी असे कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक भरली. मारामाऱ्यांत ती कमी पडली नि खिन्नतेनेही कमी ग्रासली. हीच रीत पुढे आपल्या देशात, ओडिशातील कटक शहराच्या झोपडवस्त्यांत अनुसरण्यात आली, आणि तेथेही मुलांच्या समजशक्तीत सुधारणा आढळली.

तथापि दोन गोष्टींचा इशारा दिला पाहिजे. पहिली ही, की आजीची माया आहे म्हणून मजुराला पुरती मजुरी नको, मुलाला दूध नको, असा अर्थ कोणी काढू नये. मायेने पोट भरत नाही. आणि आईबापांना सहा महिने मुलांपासून तोडणारी उचल ही देवाची योजना नव्हे, माणसांनी केलेली आहे. दुसरी ही, की सारीच घरे सुखरूप नसतात. जेथे मुलाला मार बसतो, त्याच्या अंगाशी कोणी झोंबते, तेथून त्यास काढलेच पाहिजे. आणि मोठ्या मुलाला गावात शाळाच नसेल तर बोर्डिंग हा मोठा उपकार ठरतो. सिस्टरांच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु आपल्या देशाचा २०१५ सालचा बालन्याय कायदाही हेच सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा.

आणि ज्यांचे बाळपण निघून गेले, त्यांचे काय? आमच्या त्या निघून गेलेल्या मुलासारख्यांचे? कवाईच्या कहाणीचा शेवट येथे दिलासा देतो. अठराव्या वर्षी बिघडलेली म्हणून ज्यांची गणती झाली होती, त्यांतील बहुतेक मुले बत्तिशी-चाळिशीपर्यंत सावरली होती. कोणाला चांगला जोडीदार मिळाला, कोणी पुन्हा शिक्षण धरले, कोणी सैन्यात गेले, कोणाला धर्मसमाजात हक्काची जागा मिळाली. प्रत्येक ठिकाणी दार कोणी तरी उघडे ठेवले होते. पहिली वर्षे फार मोलाची आहेत. परंतु ती गेली म्हणून सारे गेले, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

आठ दिवसांनी आम्ही आजीच्या घरी गेलो. पोर उंबऱ्यावर सूप घेऊन बसला होता. आजीला दिसत नाही, म्हणून तांदळातले खडे तो वेची नि मोजून तिला सांगे. "एक, दोन, तीन, पाच." आजी चुलीपाशून म्हणाली, "आन् चार कुठं गेला रं, सोन्या?" पोर हसला नि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

आम्ही पाट घेऊन बसलो नि म्हणालो, "आजी, तुम्ही विचारलं होतं, ह्याला द्यायला तुमच्याकडं काय आहे. आत्ता जे दिलंत ना, ते आम्हांला कोणत्याही बोर्डिंगात विकत घेता यायचं नाही."

पण नुसते एवढे बोलून उठलो असतो तर ते फसवे समाधान झाले असते. कारण आजी खरोखरच थकलेली होती. तेव्हा वाड्यातील दोन कुटुंबांना बोलावून काही गोष्टी ठरविल्या. सकाळी पोर शेजारच्या मुलांबरोबर अंगणवाडीत जाईल. तेथे त्यास खाऊ नि अक्षरे दोन्ही मिळतील. एक घर पाणी भरून देईल, दुसरे आठवड्याच्या बाजाराला जाईल. दर रविवारी मिस्सेनंतर आमच्या फोनवरून पोर आईबापाशी बोलेल, म्हणजे सहा महिन्यांनी ती परत येतील तेव्हा ती त्याला परकी वाटावयाची नाहीत. शाळेचे वय झाले की पुढचे पुढे पाहू.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे एखादे मूल आहे. कोणाचा बाप परगावी, कोणाची आई आजारी, कोणाच्या घरी दारू. त्याला कपडे दिले, वह्या दिल्या की आपण आपले कर्तव्य संपले असे समजतो. त्याला नावाने हाक मारणारे, आज आला नाही म्हणून चौकशी करणारे, त्याची बडबड संपेपर्यंत ऐकून घेणारे एक माणूस आहे काय, हे येत्या आठवड्यात पाहावे. नसेल तर ते आपण व्हावे. आणि असेल, एखादी थकलेली आजी असेल, तर तिच्या घरी घागरभर पाणी नेऊन द्यावे. नाझरेथच्या घरी सुतारकाम करणाऱ्या संत योसेफाने जे मूल सांभाळले ते त्याच्या रक्ताचे नव्हते. त्याने त्यास आपले मानले, आणि तो त्याच्यापाशी राहिला. आपणांकडूनही याहून अधिक काही मागितलेले नाही.

आजीचा नातू आता चार विसरत नाही, असे परवाच कळले.